एमआरआय कक्षातील सुरक्षितता

एमआरआय कक्षातील सुरक्षितता म्हणजे चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमांकन (एमआरआय) तपासणीच्या वेळी रुग्ण, नातेवाईक आणि रुग्णालयीन कर्मचारी यांना होऊ शकणारी इजा टाळण्यासाठी पाळावयाची कार्यपद्धती होय. क्ष-किरण किंवा सीटी स्कॅनप्रमाणे या तपासणीत आयनीकारक प्रारण वापरले जात नाही. येथील मुख्य धोका यंत्रातील शक्तिशाली चुंबकाचा असतो. हा चुंबक तपासणी चालू नसतानाही कार्यरत असतो. गंभीर अपघातांच्या मुळाशी अनेकदा या एका गोष्टीचे अज्ञान आढळते.

धोक्याचे स्वरूप

रुग्णालयांतील एमआरआय यंत्रे सामान्यतः १.५ किंवा ३ टेस्ला क्षमतेची असतात. १.५ टेस्लाचे क्षेत्र पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे ३०,००० पट असते. ते निर्माण करणारी अतिसंवाहक तारेची वेटोळी द्रवरूप हेलियममध्ये सुमारे उणे २६९ अंश सेल्सियस तापमानाला ठेवलेली असतात. या तापमानाला तारेचा विद्युतरोध नाहीसा होतो व प्रवाह अखंड वाहत राहतो. त्यामुळे पडद्यावरील संगणक बंद केला किंवा वीज गेली, तरी चुंबक बंद होत नाही.

आणीबाणीच्या प्रसंगी विशेष कळ दाबून हेलियम बाहेर सोडता येतो व चुंबकीय क्षेत्र नाहीसे करता येते. मात्र हा उपाय खर्चिक आहे. हेलियम वाहून नेणारी नळी तुंबलेली असल्यास तो वायू कक्षात साचून गुदमरण्याचाही धोका असतो. म्हणून एखादी व्यक्ती यंत्रात अडकली असेल किंवा जिवावर बेतले असेल, तरच ही कळ वापरली जाते.

यंत्राजवळ जाताना चुंबकीय ओढ हळूहळू न वाढता काही पावलांच्या अंतरात एकदम वाढते. दारात हलकेच ओढली जाणारी लोखंडी वस्तू पुढच्या क्षणी हातातून सुटून यंत्राच्या पोकळीकडे झेपावते. प्राणवायूचे सिलिंडर, चाकांची खुर्ची, सलाईनचा स्टँड, कात्री आणि किल्ल्या अशा सर्व वस्तूंना हे लागू होते. याशिवाय रेडिओ लहरींमुळे शरीरातील किंवा शरीरावरील धातू तापून भाजू शकते, तर यंत्राच्या मोठ्या आवाजामुळे कानांना संरक्षण द्यावे लागते.

प्रत्यारोपित उपकरणे

शरीरात बसवलेल्या प्रत्येक धातूमुळे एमआरआय वर्ज्य ठरत नाही. टायटॅनियम लोहचुंबकीय नसल्याने त्यापासून बनवलेले कृत्रिम सांधे व पट्ट्या ओढल्या जात नाहीत. मेंदूतील रक्तवाहिनीच्या फुगवट्यावर लावलेली जुनी पोलादी चिमटी मात्र चुंबकामुळे सरकून प्राणघातक रक्तस्राव होऊ शकतो. लेथ किंवा वेल्डिंगचे काम करणाऱ्यांच्या डोळ्यात गेलेला लोखंडाचा कणही दृष्टी गमावण्यास कारणीभूत ठरू शकतो.

जुन्या पद्धतीच्या पेसमेकरचे कार्य चुंबकीय क्षेत्रात बिघडू शकते आणि त्याच्या तारा तापू शकतात. विशिष्ट अटींवर एमआरआय करता येईल अशा पेसमेकरला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०११ मध्ये प्रथम मान्यता दिली.

उपकरणांचे तीन वर्ग मानले जातात व प्रत्येकासाठी आंतरराष्ट्रीय चिन्ह ठरलेले आहे. हिरवा चौकोन पूर्णतः सुरक्षित वस्तू दर्शवतो, पिवळा त्रिकोण अटींसह सुरक्षित आणि लाल वर्तुळ असुरक्षित. 'अटींसह सुरक्षित' याचा अर्थ ठरावीक चुंबकीय क्षमतेपर्यंत व ठरावीक पद्धतीनेच तपासणी करता येते, असा होतो. एका यंत्रात चालणारे उपकरण दुसऱ्या यंत्रात चालेलच असे नाही. त्यामुळे शस्त्रक्रियेच्या वेळी मिळालेले, उपकरणाचे नाव व क्रमांक असलेले कार्ड रुग्णाने जपून ठेवणे आवश्यक असते.

महाराष्ट्रातील घटना

२०१४ मध्ये नवी मुंबईतील खारघर येथे टाटा स्मारक केंद्राच्या कर्करोग संशोधन संस्थेत प्राणवायूचे सिलिंडर एमआरआय यंत्राकडे ओढले गेले. त्यात दोन कर्मचारी अडकून जखमी झाले. वृत्तांनुसार त्यांच्या सुटकेला सुमारे चार तास लागले.

२७ जानेवारी २०१८ रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयात याच प्रकारच्या अपघातात ३२ वर्षांच्या एका तरुणाचा मृत्यू झाला. तो रुग्ण नव्हता, तर रुग्णासोबत आलेला नातेवाईक होता. त्याच्या हातात प्राणवायूचे सिलिंडर होते. यंत्र बंद असल्याचे आपल्याला सांगण्यात आले होते, असे कुटुंबीयांचे म्हणणे होते. या प्रकरणी पोलिसांनी गुन्हा नोंदवला आणि राज्य शासनाने कुटुंबाला पाच लाख रुपयांची मदत जाहीर केली.

यापूर्वी २००१ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील एका रुग्णालयात सिलिंडर आदळून सहा वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला होता. त्यानंतर अमेरिकन रेडिओलॉजी महाविद्यालयाने २००२ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांनुसार एमआरआय विभागाचे चार टप्पे पाडले जातात : सर्वांसाठी खुला भाग, विचारपूस व पडताळणीचा भाग, नियंत्रित भाग आणि प्रत्यक्ष चुंबकाचा कक्ष. पडताळणी झाल्याशिवाय कोणालाही तिसऱ्या टप्प्यात जाता येत नाही.

परिचारिका व कर्मचारी प्रशिक्षण

वॉर्डातून रुग्णाला तपासणीसाठी पाठवताना पहिली पडताळणी बहुधा परिचारिका करते. त्यामुळे तिचे प्रशिक्षण हा सुरक्षिततेचा महत्त्वाचा घटक आहे. 'इम्प्लांट आहे का?' या प्रश्नाला अनेक रुग्ण नकारार्थी उत्तर देतात, कारण त्यांच्या बोलण्यात हृदयातील स्टेंट ही 'स्प्रिंग' असते, हाडातील सळई हा 'रॉड' असतो आणि पेसमेकर ही 'बॅटरी' असते. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारख्या रुग्णालयात विदर्भाबरोबरच मध्य प्रदेश व छत्तीसगडमधूनही रुग्ण येतात आणि आधीच्या शस्त्रक्रियेची कागदपत्रे त्यांच्याजवळ असतीलच असे नाही. अशा वेळी रुग्णाच्या भाषेत प्रश्न विचारणे आणि शरीरावरील जुने व्रण पाहून खात्री करणे उपयुक्त ठरते.

मंगळसूत्र, जोडवी, बांगड्या, केसांतील आकडे आणि ताईत काढून ठेवणे आवश्यक असते. सोने लोहचुंबकीय नसले तरी ते विद्युतवाहक असल्याने तापू शकते. साडीला किंवा बांगडीला अडकवलेली सेफ्टी पिन सहज नजरेतून सुटते. धातूचा थर असलेल्या काही औषधी पट्ट्यांमुळेही त्वचा भाजू शकते.

चुंबकाच्या कक्षात रुग्णाचे हृदय बंद पडल्यास प्राथमिक छातीदाब सुरू करून त्याला तत्काळ बाहेर आणावयाचे असते. आपत्कालीन उपकरणांची गाडी आत नेणे धोक्याचे असते. वैद्यकीय प्रशिक्षणातील नेहमीची सवय येथे मोडावी लागत असल्याने त्याचा प्रत्यक्ष सराव गरजेचा असतो. हेच प्रशिक्षण वॉर्डबॉय, सफाई कर्मचारी, सुरक्षारक्षक आणि अग्निशमन दलातील जवान यांनाही आवश्यक आहे.

भारतातील नियमन

क्ष-किरण व सीटी स्कॅन यंत्रांवर अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियंत्रण असते. एमआरआयमध्ये आयनीकारक प्रारण नसल्याने ते या मंडळाच्या कक्षेत येत नाही. वैद्यकीय उपकरणांसाठीचे २०१७ चे नियम १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. उपकरणांमुळे झालेल्या इजांची नोंद ठेवण्यासाठी ६ जुलै २०१५ रोजी भारतीय मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम सुरू करण्यात आला. डॉक्टरांप्रमाणेच परिचारिका व तंत्रज्ञही त्यात नोंद करू शकतात. थोडक्यात टळलेल्या अपघातांची नोंद रुग्णालयाने स्वतः ठेवल्यास पडताळणीतील कच्चे दुवे अपघात होण्यापूर्वीच लक्षात येऊ शकतात.