अर्धशिशी आणि बुडालेले दिवस

अर्धशिशी हा शब्द मराठीत जुना आहे. पण या दुखण्याचा हिशेब कोणत्याही वहीत मांडला जात नाही. डोक्याला फडके आवळून अंधाऱ्या खोलीत पडलेल्या बाईचे ‘आज डोके उठले आहे’, एवढीच त्याची घरात दखल घेतली जाते. वस्तुतः पन्नाशीच्या आतील स्त्रियांना अक्षम करणाऱ्या प्रमुख व्याधींत जगभर अर्धशिशीची गणना होते. शेजारच्या कर्नाटकातील एका पाहणीत (२०१५) सुमारे एक चतुर्थांश प्रौढांना वर्षभरात हा त्रास झाल्याचे आढळले. स्त्रियांत आणि ग्रामीण भागात हे प्रमाण अधिक होते.

या व्याधीने माणूस दगावत नाही, म्हणून मृत्यूच्या आकडेवारीत ती दिसत नाही. वैद्यकात रूढ असलेली एक प्रश्नावली मात्र गेल्या तीन महिन्यांत नोकरी-मजुरीचे, घरकामाचे आणि कौटुंबिक व सामाजिक जीवनाचे किती दिवस बुडाले, असे विचारते. राष्ट्रीय उत्पन्नात ज्यांना स्थान नाही ते गृहिणीचे श्रम येथे मोजले जातात, हे विशेष होय.

पाथर्डीच्या ऊसतोडणी कामगार स्त्रीला आजारपणाची रजा नसते. दिवस बुडाला की मजुरी बुडाली. साहजिकच दुकानातील गोळी हाच तिचा आधार ठरतो. परंतु साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून पंधरा किंवा अधिक दिवस, असे कित्येक महिने घेतल्यास त्यांच्यामुळेच डोकेदुखी जडू शकते.

भौतिकोपचार, म्हणजेच फिजिओथेरपी, हा यावर रामबाण उपाय नव्हे आणि तो औषधाची जागाही घेऊ शकत नाही. एकाएकी उद्भवलेल्या असह्य डोकेदुखीत किंवा हातपाय लुळे पडल्यास प्रथम डॉक्टरांकडेच गेले पाहिजे. तथापि अर्धशिशीच्या अनेक रुग्णांना मानदुखीही असते. मानेचे व खांद्यांचे व्यायाम, स्नायूंचे शिथिलीकरण आणि नियमित भरभर चालणे यांनी काही रुग्णांचे डोके उठण्याचे प्रसंग कमी होतात.

अहिल्यानगर जिल्ह्यात लोणी आणि विळद घाट येथे भौतिकोपचाराची महाविद्यालये आहेत. पण क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठ्या असलेल्या या चौदा तालुक्यांच्या जिल्ह्यात अकोल्याच्या दुर्गम पाड्यावरील स्त्रीने वारंवार तेथे यावे, ही अपेक्षा अव्यवहार्य आहे. उपचार विनामूल्य असला, तरी एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी ही त्याची किंमत उरतेच.

याच जिल्ह्यात जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून खेड्यातील अल्पशिक्षित स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून घडविले. तोच मार्ग येथेही अनुसरता येईल. महाविद्यालयांतील भौतिकोपचार तज्ज्ञांनी ग्रामीण रुग्णालयांत आठवडे बाजाराच्या दिवशी बसावे, आशा सेविकांना निवडक व्यायाम शिकवावेत आणि रुग्णाच्या बुडालेल्या दिवसांची नोंद ठेवावी. सहा महिन्यांनी ते दिवस घटलेले दिसले, तर योजना वाढवावी. न घटल्यास तो पैसा अन्यत्र वळवावा.

दुखणे डोळ्यांना दिसत नाही. बुडालेला दिवस मात्र मोजता येतो. आरोग्यखात्याने निदान तेवढा तरी मोजावा.