रित्या रंगमंचावरील मास्तर

१९३८ सालच्या सप्टेंबर महिन्यात न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर ‘अवर टाउन’ हे नाटक पाहावयास गेलेल्या प्रेक्षकांना सुमारे दोन आठवडे एक निराळाच योग लाभला. रंगमंचावर दर्शनी पडदा नव्हता, रंगविलेला देखावा नव्हता; दोन मेजे, काही खुर्च्या, दोन शिड्या एवढाच काय तो सरंजाम; आणि त्या रित्या जागेत उभा राहून एक चष्मेवाला, एकेचाळीस वर्षांचा गृहस्थ मुख्य रस्ता कोठून जातो, चर्च कोठे आहे, डॉक्टरांचे घर कोणते, ह्याची माहिती समोरच्या मंडळींना शांतपणे देत होता. हा गृहस्थ पेशाने नट नव्हता; नाटक ज्याने लिहिले तो थॉर्नटन वाइल्डरच त्या दिवसांत आपल्या नाटकाच्या सूत्रधाराची भूमिका करीत होता. हातात खडू नव्हता एवढेच. एरवी सारा थाट वर्गावर आलेल्या एखाद्या अनुभवी मास्तराचा होता.

७ डिसेंबर १९७५ रोजी वाइल्डर निवर्तला. कादंबरी आणि नाटक ह्या दोन्ही शाखांत पुलित्झर पारितोषिक मिळविणारा एवढा एकच लेखक, ही त्याची कीर्ती ग्रंथांतून नमूद आहेच; परंतु अर्धशतकाच्या अंतरावरून त्याच्या हयातीचा मागोवा घेताना मनावर ठसतो तो पारितोषिकांचा मानकरी नव्हे, तर ज्याने शाळेची नोकरी सोडली पण शिकविण्याचा धर्म कधी सोडला नाही असा एक शिक्षक.

वाइल्डरचा जन्म १७ एप्रिल १८९७ रोजी विस्कॉन्सिन संस्थानातील मॅडिसन येथे झाला. त्याच्याबरोबर जन्मलेला जुळा भाऊ जगला नाही. वडील एमस पार्कर वाइल्डर हे आरंभी एका वृत्तपत्राचे संपादक होते आणि १९०६ साली त्यांची अमेरिकन सरकारतर्फे हाँगकाँग येथे वकिलातीच्या हुद्द्यावर नेमणूक झाली. पुढे त्यांची बदली शांघायला झाली. मद्याला न शिवणारा, नीतिनियमांत कडक, आणि मुलांना सुटीत ऐषआराम करू न देता शेतांवर राबावयास धाडणारा हा बाप दूर परदेशातून पत्रांच्या द्वारे मुलांच्या शिक्षणाची सूत्रे हालवीत असे. थॉर्नटन काही काळ चीनमधील चेफू येथे मिशनऱ्यांच्या निवासी शाळेत होता, नंतर कॅलिफोर्नियात शिकला, त्यानंतर ओबर्लिन येथे दोन वर्षे काढून, मध्येच पहिल्या महायुद्धात किनारी तोफखान्यात चाकरी करून, १९२० साली येल विद्यापीठाचा पदवीधर झाला.

पदवीनंतर एक वर्ष त्याने रोममध्ये घालविले. तेथील अमेरिकन अकादमीत तो पुरातत्त्वाचा विद्यार्थी होता, आणि शतकानुशतके गाडल्या गेलेल्या एखाद्या रस्त्यावरची माती कुदळीने उकरल्यावर आपल्या काळातील गजबजलेल्या चौकाकडे पाहण्याची दृष्टीच बदलून जाते, अशा आशयाचे उद्गार त्याने पुढे काढलेले आहेत. आज ज्या रस्त्यावरून माणसे घाईघाईने कामाला जात आहेत त्यालाही कोणी उद्या कुदळीने उकरून काढील, ह्या जाणिवेने पाहिले म्हणजे दूधवाल्याची फेरी आणि रोमन सम्राटाची मिरवणूक ह्यांतील अंतर पुष्कळच कमी होते. वाइल्डरच्या सगळ्या नाटकांचे बीज मला ह्या एका वर्षात दिसते.

१९२१ मध्ये न्यू जर्सीतील लॉरेन्सव्हिल येथील मुलांच्या शाळेत तो फ्रेंच भाषेचा शिक्षक म्हणून रुजू झाला. वर्गातील तास संपले तरी त्याची सुटका होत नसे, कारण वसतिगृहातील मुलांवर देखरेख ठेवण्याचे कामही त्याच्याकडे होते. मुले झोपी गेल्यावर जी शांतता मिळे तीत तो लिहीत बसे. १९२५ मध्ये रजा घेऊन त्याने प्रिन्स्टनला फ्रेंचची एम्. ए. पदवी मिळविली, १९२६ साली ‘द कबाला’ ही पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली, आणि १९२७ मध्ये, तो पुन्हा शाळेत परतला असताना, ‘द ब्रिज ऑफ सॅन लुइस रे’ ही कादंबरी आली. पेरू देशात १७१४ साली एक झुलता पूल तुटतो आणि पाच माणसे दरीत कोसळून मरतात. हीच पाच का, असा प्रश्न एका साधूला पडतो व त्यांच्या आयुष्याचा तो कसून तपास करतो, एवढेच तिचे कथानक. ह्या लहानशा पुस्तकाने लेखकाला १९२८ सालचे पुलित्झर मिळवून दिले, आणि एवढा पैसाही दिला की त्यातून कनेटिकटमधील हॅम्डन येथे त्याने आपल्या कुटुंबासाठी घर बांधले. शाळामास्तराने त्याच वर्षी राजीनामा दिला ह्यात नवल नव्हते.

परंतु नवल ते ह्यापुढे आहे. दोनच वर्षांनी, पोटासाठी नोकरी करण्याची काही गरज उरली नसताना, हा मनुष्य पुन्हा वर्गात जाऊन उभा राहिला. कॉलेजातील त्याचा जुना सोबती रॉबर्ट मेनार्ड हचिन्स हा तिशीतच शिकागो विद्यापीठाचा अध्यक्ष झाला होता. त्याच्या बोलावण्यावरून वाइल्डर १९३० साली तेथे गेला आणि १९३६ पर्यंत वर्षाचा काही भाग तो लेखनकला व भाषांतरातून अभिजात वाङ्मय शिकवीत राहिला. रॉबर्ट आर्ड्री ह्या पुढे नाटककार म्हणून गाजलेल्या विद्यार्थ्याला त्याने तेथेच हाताशी धरले. ऑर्सन वेल्स नावाचा अठरा वर्षांचा एक अनोळखी पोरगा शिकागोत भेटला, तेव्हा त्याच्यातील पाणी ओळखून न्यूयॉर्कच्या नाट्यवर्तुळातील वजनदार मंडळींना शिफारसपत्रे देऊन त्याची वाट मोकळी करून देणाराही वाइल्डरच. आणि १९३४ च्या सुमारास लेखिका गर्ट्रूड स्टाइन व्याख्यानांसाठी शिकागोस आली, तेव्हा हा नामांकित प्राध्यापक तिच्यापुढे बिनदिक्कत विद्यार्थी होऊन बसला. ज्याला शिकविण्याची खरी गोडी असते त्याला शिकण्याची लाज वाटत नाही, ह्याचा हा उत्तम दाखला होय.

ह्याच काळात त्याच्यावर एक जबर वार झाला. १९३० च्या ऑक्टोबरात, मंदीच्या ऐन तडाख्यात, मायकेल गोल्ड ह्या डाव्या विचारांच्या टीकाकाराने एका साप्ताहिकातून त्याच्यावर तोफ डागली: देशातील कामगार उपाशी मरत असताना हा लेखक पेरू आणि प्राचीन ग्रीस येथील सुगंधी गोष्टी लिहीत बसला आहे, असा त्या टीकेचा रोख होता. वाइल्डरने जाहीर उत्तर दिले नाही. त्याने ‘हेवन्स माय डेस्टिनेशन’ ही कादंबरी लिहिली, आणि तिचा नायक कोण, तर मंदीतल्या अमेरिकेत गावोगाव फिरून शालेय पाठ्यपुस्तके विकणारा जॉर्ज ब्रश, ज्याला भेटेल त्याला उपदेश केल्यावाचून राहवत नाही असा एक भाबडा, सत्शील तरुण! उपदेश म्हणजे दुसऱ्याच्या स्वतंत्र मनावर केलेली जबरदस्ती, असे वाइल्डरचे मत होते, आणि १९२८ सालच्याच एका प्रस्तावनेत त्याने ते मांडले होते. कडक बापाच्या ह्या मुलाला उपदेशकाची वृत्ती आपल्या रक्तात आहे हे पक्के ठाऊक होते. म्हणूनच त्याने तिच्यावर एवढ्या ममतेने हसून घेतले.

उपदेश न करता शिकवावे कसे, ह्या प्रश्नाचे उत्तर त्याला रंगभूमीवर सापडले. १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या एकांकिकांत ह्या उत्तराचा पहिला कच्चा खर्डा आहे. ‘द लाँग ख्रिसमस डिनर’ मध्ये एकाच मेजाभोवती एका घराण्याची नव्वद वर्षे अर्ध्या तासात सरकतात. एका दारातून जन्म आत येतो, दुसऱ्या काळ्या दारातून मृत्यू माणसांना घेऊन जातो, आणि मधल्या खुर्च्यांवर बसलेली मंडळी तेच ते जेवण जेवीत तीच ती वाक्ये पिढ्यान्‌पिढ्या बोलत राहतात. दुसऱ्या एका एकांकिकेत चार खुर्च्या मांडल्या की मोटार झाली आणि कुटुंबाचा प्रवास सुरू. चिनी रंगभूमीवर नट एक काठी दोन पायांत धरतो आणि घोड्यावर बसला असे सर्वजण मानतात, हे वाइल्डरला फार मोलाचे वाटे; कारण देखावा जितका कमी, तितका प्रेक्षकाच्या कल्पनेला वाव अधिक. जे फळ्यावर काढून दाखवायचे ते विद्यार्थ्याकडूनच वदवून घेणाऱ्या चतुर मास्तराची ही हातोटी आहे.

‘अवर टाउन’ हा त्या हातोटीचा परमोत्कर्ष होय. २२ जानेवारी १९३८ रोजी प्रिन्स्टन येथे त्याचा पहिला प्रयोग झाला. बॉस्टनमध्ये प्रतिसाद इतका थंडा मिळाला की तेथील मुक्काम आवरता घ्यावा लागला. परंतु ४ फेब्रुवारीस जेड हॅरिसच्या दिग्दर्शनाखाली ते न्यूयॉर्कला आले, ३३६ प्रयोग चालले आणि त्याच वर्षी त्याला पुलित्झर मिळाले. न्यू हॅम्पशरमधील ग्रोव्हर्स कॉर्नर्स हे कल्पित खेडे, त्यातील दोन शेजारी घरे, एमिली व जॉर्ज ह्यांचे बालपण, विवाह आणि बाळंतपणात ओढवलेला एमिलीचा मृत्यू, एवढाच त्याचा १९०१ ते १९१३ पर्यंतचा विस्तार. मात्र त्याची मांडणी पाहा: सूत्रधार विद्यापीठातील एका प्राध्यापकाला रंगमंचावर बोलावून गावाच्या भूगर्भाची माहिती द्यावयास लावतो, नंतर प्रेक्षकांचे प्रश्न घेतो, मधूनच सोडा विकणारा औषधवाला होतो, विवाहप्रसंगी धर्मोपदेशक होतो. आमच्या मराठी प्रेक्षकाला सूत्रधाराचे हे सर्वसंचारी रूप संस्कृत नाटकापासून आणि दशावतारापासून इतके ओळखीचे आहे की त्यात बंडखोरी काय, असा प्रश्न त्याला पडावा. परंतु दिवाणखान्याची तीन भिंतींची हुबेहूब नक्कल म्हणजेच नाटक, असे मानणाऱ्या तत्कालीन ब्रॉडवेवर हे मोठेच धाडस होते.

आणि तिसऱ्या अंकात मास्तर आपला खरा धडा काढतो. मृतांच्या टेकडीवर आलेल्या एमिलीला आयुष्यातील एक दिवस पुन्हा जगण्याची मुभा मिळते, आणि ती आपला बारावा वाढदिवस निवडते. थंडीची सकाळ आहे, आई न्याहारीच्या गडबडीत आहे, कोणी कोणाकडे धड पाहत नाही. आणि जे पुढे घडणार ते ठाऊक असलेल्या त्या मुलीला हे न पाहणे असह्य होते व ती आपण होऊन परत फिरते. ह्या प्रसंगी सूत्रधार कोणताही उपदेश करीत नाही. प्रेक्षक मात्र घरी जाताना आपल्या आईचा चेहरा आठवू लागतो.

ह्यानंतरचा काळ यशापयशाचा होता. ‘द मर्चंट ऑफ याँकर्स’ हे प्रहसन माक्स राइनहार्टसारखा दिग्दर्शक लाभूनही १९३८ अखेर आपटले व ३९ प्रयोगांत बंद पडले. १९४२ मध्ये आलेल्या ‘द स्किन ऑफ अवर टीथ’ ने हिमयुग, जलप्रलय आणि महायुद्ध ह्या तिन्ही आपत्तींतून न्यू जर्सीतील एकच अँट्रोबस कुटुंब तारून नेले आणि लेखकाला तिसरे पुलित्झर दिले. पण हे जेम्स जॉइसच्या ‘फिनेगन्स वेक’ वरून उचलले आहे असा आरोप दोन अभ्यासकांनी केला आणि बरेच वादळ उठले. वाइल्डर तेव्हा गप्प राहिला. १९५७ च्या सुमारास मात्र त्याने जॉइसचे ऋण मोकळेपणी कबूल केले आणि साहित्य हे वारसांचे भांडण नसून हातोहात पुढे जाणाऱ्या मशालीची दौड आहे, अशा भावार्थाचे उद्गार काढले. दरम्यान तो हवाई दलाच्या गुप्तवार्ता खात्यात उत्तर आफ्रिका व इटली येथे तैनात होता आणि लेफ्टनंट कर्नलच्या हुद्द्यापर्यंत चढला होता; १९५०-५१ मध्ये हार्वर्ड येथे नॉर्टन व्याख्यानमालेचा प्राध्यापकही झाला. पडलेले प्रहसनसुद्धा त्याने टाकून दिले नाही: दुरुस्त करून ‘द मॅचमेकर’ ह्या नावाने १९५४ मध्ये एडिंबरोस आणि पुढल्या वर्षी ब्रॉडवेवर आणले, तेव्हा त्याचे ४८६ प्रयोग झाले आणि १९६४ साली त्याचेच ‘हॅलो, डॉली!’ हे संगीतक झाले. नापास विद्यार्थ्याला पुन्हा परीक्षेला बसविण्याचा धीर मास्तरालाच असतो.

नाटककार एडवर्ड अल्बी हा तरुणपणी कवी होऊ पाहत होता. न्यू हॅम्पशरमधील मॅक्डॉवेल वसाहतीत त्याने आपल्या कविता वाइल्डरला दाखविल्या आणि वाचून झाल्यावर वाइल्डरने त्याला नाटके लिहिण्याचा सल्ला दिला, ही हकिकत अल्बी स्वतःच सांगत असे. पुढे अल्बीने काय केले हे जग जाणते. आणि उतारवयात तोही ह्यूस्टनच्या विद्यापीठात नाट्यलेखन शिकवू लागला.

१९६२ मध्ये पासष्टीचा वाइल्डर ॲरिझोनाच्या वाळवंटातील डग्लस ह्या सरहद्दीवरील गावात जाऊन सुमारे वीस महिने राहिला; तेथे सुरू केलेल्या ‘द एट्थ डे’ ह्या कादंबरीला १९६८ साली नॅशनल बुक अवॉर्ड मिळाले. ‘थिऑफिलस नॉर्थ’ ह्या १९७३ च्या अखेरच्या कादंबरीचा नायक कोण असावा? नोकरी सोडून न्यूपोर्टच्या श्रीमंत घरांतून शिकवण्या करीत फिरणारा एक शाळामास्तर.

वाइल्डर गोडबोल्या आहे, त्याच्या खेड्यात वेदनेचा विखार नाही, हा आक्षेप आजही घेतला जातो. ‘अवर टाउन’ नुसते हळवे करून वठविले तर तो खराही ठरतो. पण ज्या नाटकाचा तिसरा अंक स्मशानात घडतो आणि मृत मंडळी जिवंतांविषयी निर्विकारपणे बोलतात, त्याला गोड म्हणणे हा वाचनाचा दोष आहे. वाइल्डरचा दोष असलाच तर तो एवढाच की प्रेक्षकाला अगदी सर्व कळावे ह्या मास्तरी कळकळीने तो कधी कधी एक वाक्य अधिक बोलतो.

आमच्या शाळा-महाविद्यालयांतील हौशी नाट्यमंडळींनी, स्पर्धेसाठी नेपथ्याच्या खर्चाची जुळवाजुळव करण्यापूर्वी, ‘द लाँग ख्रिसमस डिनर’ एकदा मोठ्याने वाचून पाहावे. त्याला एक लांब मेज, काही खुर्च्या आणि दोन दारे लागतात.