मणिदांचे घोडे

2006 साली ‘गँगस्टर’ चित्रपटातलं ‘भीगी भीगी’ मराठी घराघरांत वाजलं. प्रीतमचं संगीत, बांगलादेशच्या जेम्सचा आवाज. पण ती चाल मुळात एका बंगाली गाण्याची, आणि त्या गाण्यामागचा माणूस, गौतम चट्टोपाध्याय, 1999 सालीच गेला होता. कोलकात्यात त्यांना मणिदा म्हणतात. आपल्याकडे त्यांचं नाव फारसं पोचलं नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

कोलकात्याच्या सियालदह स्थानकातून बाहेर पडून महात्मा गांधी रस्त्याने पश्चिमेला चालत गेलं, की थोड्याच वेळात कॉलेज स्ट्रीट लागतो. तिथल्या प्रेसिडेन्सी कॉलेजात मणिदा शिकले. फाळणीनंतर सियालदहच्या फलाटांवर निर्वासितांनी संसार मांडले होते. ती पिढी शहरात मुरेपर्यंत नक्षलबारीचं वादळ आलं, आणि मणिदा त्यात उतरले. त्याआधी पार्क स्ट्रीटच्या हॉटेलांत ते गिटार वाजवायचे. पुढे तुरुंग, आणि सुटका झाली ती बंगाल सोडण्याच्या अटीवर. मग जबलपूर, भोपाळ.

परत आल्यावर 1975 च्या सुमारास कोलकात्यातल्या नाकतल्याच्या घरी भाऊ आणि मित्र मिळून सात जण जमले आणि त्यांचा बँड झाला. नाव काही ठरेना. ‘सप्तर्षी’ झालं, ‘तीरंदाज’ झालं, ‘गौतम चटर्जी बीएससी ओ संप्रदाय’सुद्धा झालं. शेवटी त्यांच्यातल्याच रंजन घोषाल यांनी जीवनानंद दासांच्या कवितेतून ‘मोहीनेर घोडागुली’, म्हणजे मोहीनचे घोडे, हे नाव उचललं. बँडच्या संगीताला मणिदा ‘बाऊल जॅझ’ म्हणत. बंगालच्या भटक्या बाऊल गायकांचा मोकळा गळा, त्याला गिटार आणि अब्राहम मजुमदारांचं व्हायोलिन. शब्द मात्र रोजच्या कोलकात्याचे. त्याच दशकात मुंबईत कवी अरुण कोलटकरही गाणी लिहून चाली लावत होते. दोन शहरांतल्या या दोन धडपडी शेजारी ठेवून कुणीतरी अभ्यासायला हव्यात.

1977 ते 1979 या काळात तीन छोट्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. खपल्या थोड्या. रवींद्रसंगीत आणि सिनेसंगीतावर वाढलेल्या श्रोत्यांना हे गाणंच वाटेना. 1981 मध्ये मंडळी पांगली. मणिदा चित्रपटांकडे वळले. ‘नागमती’ला सर्वोत्कृष्ट बंगाली चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

1995 च्या कोलकाता पुस्तक मेळ्यात ‘मोहीनेर घोडागुली’च्याच नावाने ‘आबार बोछोर कुडी पोरे’ ही कॅसेट आली, आणि ‘भीगी भीगी’चं मूळ गाणं, ‘पृथिबीटा नाकी’, तिच्यातच आहे. दूरचित्रवाणीच्या पडद्यात आक्रसत चाललेल्या जगाबद्दलचं ते गाणं हिंदीत येताना प्रेमगीत झालं. या कॅसेटवर मणिदांनी ‘संपादित’ असा शब्द घातला. स्वतःच्या गाण्यांबरोबर त्यांनी नव्या पोरांची गाणी घेतली आणि गायलाही त्यांनाच पुढे केलं. पुढच्या तीन कॅसेटही अशाच. मला त्यांचं सर्वांत मोठं काम हेच वाटतं, आणि त्यांचं नाव मागे पडण्याचं कारणही बऱ्याच अंशी यातच आहे. पुढे बंगाली बँडची लाट आली, तेव्हा तिच्यातल्या अनेकांनी मणिदांना गुरू मानलं.

मराठी वाचकाने मात्र सुरुवात 1977 च्या ‘संबिग्न पाखीकूल ओ कोलकाता बिषयक’ या ध्वनिमुद्रिकेपासून करावी. त्यातलं ‘हाय भालोबाशी’ बंगाली न येणाऱ्यालाही पहिल्या ऐकण्यात धरून ठेवतं.