नोकरी गेली म्हणून नोंदणी जात नाही

आपल्या गुहागर तालुक्याला नोकरी जाण्याचा अनुभव नवा नाही. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या बंद पडत गेल्या, २००१ साली अंजनवेलचा दाभोळ वीज प्रकल्प बंद पडला. त्या वेळी अनेकांची नोकरी एकदम गेली, म्हणून कोणी कोणाला कारण विचारले नाही. नर्सची नोकरी मात्र एकटीची जाते, आणि "काय केलंस?" हा प्रश्न ती एस.टी.तून उतरण्याआधीच घरी पोहोचलेला असतो.

हे आम्ही आमच्या वाडीत पाहिले. जी.एन.एम. झालेली वाडीतील पहिली मुलगी मुंबईच्या एका खाजगी रुग्णालयात होती. रात्रपाळीत एका रुग्णाचे इंजेक्शन उशिरा दिले गेले. सकाळी तिला तोंडीच सांगण्यात आले, उद्यापासून येऊ नकोस. गावी येऊन दीड वर्ष ती "रजेवर आहे" असे सांगत राहिली. तेवढ्यात तिच्या नोंदणीची मुदत संपली. नोकरी रुग्णालयाने काढली होती, नोंदणी मात्र लाजेपायी गेली. अशी पाळी दुसऱ्या मुलीवर येऊ नये म्हणून हे लिहीत आहोत.

नोंदणी कोणाची?

नोकरी देणारा नोकरी काढू शकतो, परिचारिकेची नोंदणी काढू शकत नाही. ही नोंदणी महाराष्ट्र परिचारिका अधिनियम, १९६६ खाली महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे असते. चौकशी करून, बाजू मांडण्याची संधी देऊन, फक्त परिषदच नाव कमी करू शकते. दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. मुदत चुकली तर विलंब शुल्क भरून ते करता येते. घरी बसलेल्या बहिणीने पहिले काम हेच करावे.

निघताना काय घ्यावे?

तोंडी शब्दावर निघू नये. कारण लेखी मागावे. कराराची मुदत संपणे, कामावरून कमी करणे आणि गैरवर्तनासाठी बडतर्फ करणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पुढच्या ठिकाणी त्यांचा अर्थही वेगळा लागतो. नेमणूकपत्र, पगाराच्या पावत्या, अनुभवाचा दाखला, कार्यमुक्तीचे पत्र व भविष्य निर्वाह निधीचा खाते क्रमांक जवळ ठेवावा. मूळ प्रमाणपत्रे अडवून ठेवण्याचा रुग्णालयाला हक्क नाही. या आणि बाँडच्या जाचाविरुद्ध २०११ साली मुंबई-दिल्लीच्या परिचारिका संपावर गेल्या होत्या.

वर्षभर सलग नोकरी झालेल्या कामगाराला कमी करताना महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, तसेच दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार देण्याची तरतूद कामगार कायद्यात आहे. गैरवर्तनाचा आरोप असेल तर चौकशी हवी. धर्मादाय संस्थांना वेगळे नियम लागू शकतात, म्हणून सल्ला घ्यावा. स्त्रियांना, तसेच अनुसूचित जातींना, उत्पन्न कितीही असले तरी १९८७ च्या कायद्याने मोफत वकील मिळतो. त्यासाठी रत्नागिरीच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा.

मुलाखतीत काय सांगावे?

खरे सांगावे, थोडक्यात सांगावे. काय घडले, आपला भाग किती, आता काम करताना कोणती काळजी घेतो, एवढी तीन वाक्ये पुरेत. जुन्या मेट्रनची निंदा करू नये. सरकारी अर्जात पूर्वीच्या बडतर्फीबद्दल विचारले असेल तर ते लपवू नये. लपवलेले पुढे उघड झाले तर मिळालेली नोकरीही जाते. ज्यांनी आपले काम पाहिले आहे अशा एखाद्या डॉक्टरांचे किंवा सिस्टरचे नाव शिफारशीसाठी आधीच विचारून ठेवावे.

जागा कोठे पाहाव्यात?

गुहागरचे ग्रामीण रुग्णालय, कामथ्याचे उपजिल्हा रुग्णालय, रत्नागिरीचे जिल्हा रुग्णालय, ए.एन.एम. झालेल्यांसाठी आबलोली, हेदवी, तळवली येथील प्राथमिक आरोग्य केंद्रे. शिवाय डेरवण आणि चिपळूणची खाजगी रुग्णालये. सरकारी भरतीच्या व राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या कंत्राटी जागांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावे. राज्याच्या सरळसेवा भरतीत मागासवर्गीयांना सर्वसाधारण वयोमर्यादा ४३ वर्षे आहे, म्हणजे तिशी उलटली म्हणून दार बंद होत नाही.

गरजेपोटी मिळेल त्या पगाराला होकार देऊ नये. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने ५० खाटांहून लहान रुग्णालयातही दरमहा किमान २०,००० रुपयांची शिफारस केली. ती शिफारसच आहे, पण बोलणी करताना आपला आकडा ठाऊक असलेला बरा.

आमच्या वाडीतील त्या मुलीने अखेर विलंब शुल्क भरून नोंदणी चालू केली. आज ती तालुक्याबाहेरच्या एका रुग्णालयात रात्रपाळी करते. मुलाखतीत तिने इंजेक्शनची गोष्ट स्वतःहून सांगितली होती.

समाजबांधवांना एवढीच विनंती आहे. एखादी मुलगी अवेळी, सामानासकट गावी आली तर "काय केलंस?" असे विचारू नका. "बाय, नोंदणीची मुदत कधी संपते?" एवढेच विचारा, आणि अर्जाला पैसे कमी पडत असतील तर वाडीने वर्गणी काढा.