खिशात मावणारे शस्त्र निवडताना केवळ वजन पाहून चालत नाही

नवी दिल्ली : दिल्लीतील २०१२ च्या सामूहिक बलात्कार प्रकरणानंतर, जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी आयुध निर्माणीने ‘निर्भीक’ हे ०.३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. टायटॅनियम मिश्रधातूचे हे शस्त्र सुमारे ५०० ग्रॅम वजनाचे असून महिलांच्या पर्समध्ये मावेल, असे सांगण्यात आले. किंमत होती सुमारे १ लाख २२ हजार रुपये. मात्र जे बाळगण्यास सोपे, ते चालविण्यासही सोपे असतेच असे नाही.

गोळी सुटताना मागे बसणारा धक्का शस्त्राच्या वजनामुळे सौम्य होतो. वजन घटले की तो हाताला अधिक जाणवतो आणि दुसरी गोळी नेमकी झाडणे कठीण होते. नळी आखूड असल्यास नेम धरतानाची किंचित चूकही लक्ष्यापाशी मोठी ठरते. म्हणूनच मूठ हातात घट्ट बसते का आणि चाप न डगमगता ओढता येतो का, हे आधी तपासणे आवश्यक ठरते.

कायद्यानेही निवडीला मर्यादा घातली आहे. लष्कर व पोलीस वापरतात ते ९ मिमी पिस्तूल प्रतिबंधित बोअरमध्ये मोडत असल्याने सामान्य नागरिकांचा कल ०.३२ बोअरकडे असतो. शस्त्र कायदा, १९५९ नुसार परवाना बंधनकारक असून त्यापूर्वी पोलीस चौकशी होते.

परवाना मिळाला, तरी सराव नसलेल्या हातातील शस्त्र हल्लेखोराइतकेच बाळगणाऱ्यालाही धोक्याचे ठरू शकते.