सुपारी कोणी बंद केली? एआय, माणूस आणि कलावंताचं काम

विषय असा दिलाय की कलावंतांची कामं जातायत, त्याचा दोष एआयला द्यायचा की माणसांना. यावर दोन ठरलेली उत्तरं ऐकू येतात. एक म्हणतो, यंत्रानं पोटावर पाय दिला. दुसरा म्हणतो, यंत्र म्हणजे विळा. विळ्याला काय दोष, धरणाऱ्या हाताला विचारा. आम्हाला दोन्ही उत्तरं अपुरी वाटतात. का वाटतात ते सांगायला आम्ही जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतली उदाहरणं घेणार आहोत, कारण कलावंताचं काम जाणं इथं एआयच्या कितीतरी आधी सुरू झालंय.

सोपं उदाहरण आधी घेऊ. पुणे-नाशिक रस्त्यावरची मंचर, नारायणगाव, आळेफाटा ही गावं तुमच्या माहितीची आहेत. तिथं पूर्वी दुकानाची पाटी, ट्रॉलीवरचं नाव, शाळेच्या भिंतीवरचा सुविचार, निवडणुकीची भिंत हे सगळं पेंटर हातानं रंगवायचा. मग फ्लेक्सची छपाई आली. दोन दिवसांची पाटी तासाभरात निघायला लागली आणि पेंटरचं काम आटलं. आता बघा, ज्या पेंटरकडे थोडं भांडवल होतं, किंवा ज्याला कर्ज मिळू शकलं, त्याला तेच यंत्र घेऊन, संगणकावर डिझाइन शिकून त्याच धंद्यात राहता आलं. ज्याच्याकडे फक्त हात आणि ब्रश होता तो मजुरीला लागला. यंत्र एकच, पण एकाला त्यानं तारलं आणि दुसऱ्याला बाहेर काढलं. म्हणजे नुसतं यंत्र आलं एवढ्यानं गोष्ट पुरी होत नाही. यंत्र कोणाच्या मालकीचं झालं, हेही सांगावं लागतं.

दुसरं उदाहरण नारायणगावचं. या गावाला तमाशाची पंढरी म्हणतात. गुढीपाडव्याच्या सुमाराला फडमालक इथं राहुट्या टाकतात आणि गावोगावचे यात्रा कमिटीवाले येऊन सुपारी ठरवतात. एकाच तिथीला अनेक गावांच्या यात्रा असतात, म्हणून त्या तारखेचा भाव चढतो. मोठ्या फडात शंभराच्या आसपास माणसं असतात. नाचणाऱ्या, ढोलकीवाला, सोंगाड्या एवढेच धरू नका. तंबू ठोकणारे, स्वयंपाकी, ड्रायव्हरही त्यात येतात. हंगामाआधी मालक त्यांना उचल देतो, आणि ती उचल पुष्कळदा त्यानंच व्याजानं आणलेली असते. सुपारी बुडाली की ही सगळी साखळी बुडते.

या फडांची कामं कोणी कमी केली? सिनेमा, टीव्ही, ऑर्केस्ट्रा, डीजे, मोबाइल अशी यादी लगेच तोंडात येते. ती खोटी नाही. फडातसुद्धा कॅसिओ आणि ऑक्टोपॅड आले, काही वाजवणारे कमी झाले. ढोलकीवाला मात्र राहिला, कारण नाचणारीचा पाय आणि ढोलकीचा हात एकमेकांकडे बघून चालतात. पण सुपारी रद्द करायला डीजे कधी राहुटीत येत नाही. गावच्या पट्टीतला किती पैसा कशावर घालायचा हे कमिटी ठरवते. आवाज किती वाजेपर्यंत चालेल हे कायदा ठरवतो. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकरला बंदी घातली. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस राज्य सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं. नियमाचं कारण योग्य आहे. आजारी माणसाला, अभ्यास करणाऱ्या पोराला झोप हवी. पण गण, गवळण, बतावणी आणि मग वग हा पहाटेपर्यंत चालणारा खेळ. तो बारापर्यंत कसा आवरायचा, याचा विचार नियम करताना झाला नाही.

2020 साली गुढीपाडवा 25 मार्चला होता. त्याच दिवशी देशभर टाळेबंदी लागू झाली. 2021 साली पाडवा 13 एप्रिलला होता, आणि 14 तारखेला संध्याकाळी राज्यात संचारबंदी लागली. ऐन सुपाऱ्यांचे दोन हंगाम असे गेले. साथीत यात्रा बंद ठेवणं भागच होतं. प्रश्न उरतो तो पुढचा: डोक्यावर उचलीचं कर्ज असलेल्या फडाला त्या दोन वर्षांत कोण धरून ठेवणार होतं?

याच यात्रेतली दुसरी गोष्ट शेजारी ठेवून बघा. बैलगाडा शर्यती 2014 साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं थांबल्या. गाडामालक संघटित झाले, आंदोलनं झाली, पुढारी मागे उभे राहिले. 2017 साली विधिमंडळानं कायदा दुरुस्त केला. डिसेंबर 2021 मध्ये शर्यतींना परवानगी मिळाली आणि मे 2023 मध्ये न्यायालयानं तो कायदा कायम केला. शर्यत बरी की वाईट हा आजचा विषय नाही. आम्हाला दाखवायचंय ते एवढंच, की जे थांबलं ते परत आणता येतं, पण मागणाऱ्याकडे जमीन, मतं आणि संघटना असेल तर. तमाशा कलावंतांतले बहुतेक जण दलित आणि भटक्या समाजांतले आहेत. वर्षातले आठ महिने ते रस्त्यावर असतात. त्यांची मतं एका गावात गोळा होत नाहीत.

विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला. 2002 साली त्या गेल्या, तेव्हा त्यांच्या शेवटच्या आजारपणात उपचारांसाठी लोकांच्या मदतीवर अवलंबून राहावं लागलं होतं. आज राज्य सरकार त्यांच्या नावानं जीवनगौरव पुरस्कार देतं. सन्मान देणं आणि कलावंताला जगण्याची शाश्वती देणं, ही दोन वेगळी कामं आहेत. आपण पहिलं करतो.

आता एआयकडे येऊ. यात्रेचं पोस्टर, रिक्षावरची जाहिरात, गावच्या देवाचं नवं गाणं ही तालुक्यातल्या चित्रकाराची, निवेदकाची, गायकाची छोटी छोटी कामं होती. आज ती मोबाइलवर काही मिनिटांत होतात. ‘हे फ्लेक्ससारखंच आहे, नवं यंत्र आलं’ असं कोणी म्हणालं तर आम्ही थांबवू. फ्लेक्सचं यंत्र बनवायला पेंटरच्या पाट्या लागल्या नव्हत्या. एआयला मात्र चित्रं काढायला, गायला शिकवलंय ते लाखो कलावंतांच्याच कामावर, आणि त्यातल्या बहुतेकांना कोणी विचारलेलं नाही. म्हणून ‘विळ्याला काय दोष’ ही म्हण इथं लागू पडत नाही. हा विळा दुसऱ्याच्या लोखंडातून, न विचारता घडवलेला आहे. तसा घडवायचा हे काही कंपन्यांतल्या माणसांनी ठरवलं.

ठरवणारी माणसं असली की त्यांच्याशी भांडता येतं. 2023 साली हॉलिवूडच्या लेखकांनी 148 दिवस संप केला. करारात आलं की कंपनी लेखकावर एआय वापरण्याची सक्ती करणार नाही आणि एआयनं लिहिलेला मजकूर लेखकाचं श्रेय खाणार नाही. त्याच वर्षी संप करून नटांनी मिळवलं की त्यांची डिजिटल नक्कल संमती आणि मोबदल्याशिवाय वापरायची नाही. जुलै 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं अरिजित सिंग यांच्या आवाजाची एआय नक्कल करणाऱ्यांना मनाई केली.

आणि आपला फड? 1957 च्या कॉपीराइट कायद्यात गायक, वादक, नर्तक, अगदी गारुडीसुद्धा ‘सादरकर्ता’ आहे. त्याच्या संमतीशिवाय त्याचं सादरीकरण रेकॉर्ड करून विकता येत नाही. म्हणजे कागदावर लावणी गाणाऱ्या बाईचा हक्क तोच आहे जो मोठ्या गायकाचा. पण समोर शंभर मोबाइल रेकॉर्डिंग करत असताना, दुसऱ्या दिवशी पुढच्या गावी तंबू ठोकायचा असताना, ती मुंबईला जाऊन वकील लावणार कधी? तिच्या बाबतीत हक्क आहे, तो बजावण्याची ताकद नाही. एआय येण्याआधीही नव्हती.

तेव्हा आमचं उत्तर असं. ‘एआयचा दोष’ म्हटलं की कोणीच जबाबदार राहत नाही. ‘माणसांचा दोष’ म्हटलं की सगळेच जबाबदार होतात, आणि त्याचा अर्थ पुन्हा तोच होतो. डीजे आवडणाऱ्या पोराला दोषी धरू नका. आवड बदलणं हा गुन्हा नाही. एखाद्याचं काम गेलं की नावानिशी विचारा: निर्णय कोणी घेतला, वाचलेला पैसा कोणाच्या खिशात गेला, आणि ज्याचं काम गेलं त्याला बैठकीत खुर्ची होती का? फ्लेक्सला हे विचारा, तमाशाला विचारा, एआयला विचारा. उत्तरात प्रत्येक वेळी माणसंच येतील, पण मोजकी आणि ओळखता येतील अशी.

आणि सुरुवात मुंबई-दिल्लीहूनच व्हायला हवी असंही नाही. सुपारीच्या कागदावर एक ओळ वाढवता येते: फडाच्या परवानगीशिवाय खेळाचं रेकॉर्डिंग विकायचं किंवा पुढे वापरायचं नाही. यात्रेच्या हिशेबात कलावंतांचा आकडा वेगळा लिहून गावसभेत वाचता येतो. पोस्टर एआयनं केलं तर वाचलेले पैसे कुठे गेले हे विचारता येतं. कमिटीवर आपलेच काका-मामा असतात. विचारणं अवघड जातं हे आम्हाला ठाऊक आहे. पण सुपारी देणारा हात तिथंच आहे.

आता प्रश्न घेऊ.