ट्रक ड्रायव्हरचे लायसन : मालकानेही पाहावे

गळीत हंगाम तोंडावर आला की वाहतूकदार सभासदांची धावपळ सुरू होते ती टायर, पाटे आणि टोळीच्या उचलीसाठी. ड्रायव्हरचे लायसन मात्र कोणी उघडून पाहत नाही. "दहा वर्षं गाडी मारतोय की तो!" एवढ्यावर आपले भागते. कायद्याचे भागत नाही, म्हणून ही माहिती देत आहोत.

मालट्रक चालविणाऱ्याचे वय किमान 20 हवे आणि लायसन ट्रान्सपोर्ट वाहनाचे हवे. 2019 च्या दुरुस्तीपासून त्याची मुदत 5 वर्षे आहे. मुदत संपल्यावर पूर्वी 30 दिवस चालून जायचे. ती सवलत आता नाही.

लायसन फक्त अपघात केला तरच जाते, असा पुष्कळांचा समज आहे. तो चुकीचा आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधील 21 वा नियम वाचावा. आपल्याच रस्त्यावर उभे राहून लिहिल्यासारखा वाटतो. जादा भार, जादा वेग, गाडी चालविताना मोबाईल, गाडी रस्त्यात अडथळा होईल अशी सोडून जाणे, मालगाडीवर माणसे बसविणे. उसाच्या मोळ्यांवर टोळी बसवून आणणे आपल्याकडे सर्रास चालते. भाडे घेतले नाही, ही सबब तेथे चालत नाही. अशा कृत्यांबद्दल आर.टी.ओ. चालकाचे म्हणणे ऐकून घेऊन लायसन काही काळ बंद वा रद्द करू शकतात. हुकुमावर 30 दिवसांत अपील करता येते.

दारूचे प्रकरण याहून कडक. 100 मि.लि. रक्तात 30 मि.ग्रॅ.पेक्षा जास्त मद्य आढळून गुन्हा शाबीत झाला, तर न्यायालय किमान 6 महिने अपात्र ठरविते. अपघातानंतर जखमीला दवाखान्यात न नेता पळ काढला, तर किमान 1 महिना. जमाव अंगावर आला तर थांबू नये, हे कायद्यालाही कळते. पण जवळच्या पोलीस ठाण्यात 24 तासांच्या आत खबर दिलीच पाहिजे.

आता मालकाचे. विनालायसन माणसाच्या हाती गाडी दिल्यास 3 महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. खरी धास्ती विम्याची. मालकाची हयगय सिद्ध झाली, तर विमा कंपनीने मृताच्या वारसांना दिलेली भरपाई मालकाकडून वसूल करण्याचा हुकूम होऊ शकतो. मग ट्रक विकूनही भागत नाही, जमिनीला हात घालावा लागतो.

तेव्हा ड्रायव्हरला उचल देण्यापूर्वी लायसन मागून घ्यावे, मुदत पाहावी, झेरॉक्स ठेवावी. लायसन नंबर आणि जन्मतारीख टाकून परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर खातरजमा होते. घरातली शाळकरी पोरेही ते काम करून देतील.